चित्रकार आरा

सोलापूरहून रात्री सुटणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी मुंबईला पोहोचते. शाळेची सहल असली, की मुलांना रात्रभर झोप येत नाही. मुंबईत काय काय पाहायचे, याची यादी गाडीतच तयार होते. समुद्र, गेटवे ऑफ इंडिया, राणीची बाग, हाजी अलीचा दर्गा. या यादीत एक नाव मात्र सहसा नसते. ते नाव म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय.

हे संग्रहालय शोधायला अवघड नाही. गेटवेकडून रीगल सिनेमाच्या चौकात आले, की जवळच एक जुनी, दगडी, वळणदार दर्शनी भागाची इमारत दिसते. सर कावसजी जहांगीर या पारशी घराण्याच्या देणगीतून ती १९११ साली उभी राहिली. तिचा आराखडा जॉर्ज विटेट यांनी केला. गेटवे ऑफ इंडिया आणि रस्त्यापलीकडचे मोठे वस्तुसंग्रहालय यांचे आराखडेही त्यांचेच. पूर्वी या इमारतीत सार्वजनिक सभागृह होते. तेथे सभा होत, गाण्याच्या मैफली होत. पुढे तिची आतून नवी रचना करण्यात आली आणि १९९६ सालच्या डिसेंबर महिन्यात तेथे चित्रांचे संग्रहालय सुरू झाले. याच नावाचे मूळ संग्रहालय दिल्लीला १९५४ सालापासून आहे. मुंबईचे संग्रहालय ही त्याची शाखा.

आत गेल्यावर अर्धगोलाकार मजले एकावर एक चढत जातात. जिन्याने वर वर जावे आणि भिंतीवरची चित्रे पाहावीत. सगळ्यात वर घुमट आहे. तेथे बोललेले हळू बोलणेही घुमते.

येथे येणाऱ्या पुष्कळ लोकांना प्रथम संकोच वाटतो. चित्रातला घोडा घोड्यासारखा नसतो. माणसाचा चेहरा हिरवा असतो. काही चित्रांत तर नुसते रंगाचे पट्टे असतात. आपल्याला काही समजत नाही, हे शेजारच्याला कळू नये म्हणून माणूस घाईघाईने पुढे सरकतो. मुलांनो, असा संकोच तुम्हाला वाटला तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. या संग्रहालयाच्या संग्रहात ज्यांची चित्रे आहेत, अशा एका चित्रकाराला हा संकोच चांगला ठाऊक असणार. कारण मुंबईतल्या मोठ्या घरांत त्याचा पहिला प्रवेश नोकर म्हणून झाला होता. त्याचे नाव कृष्णाजी हौलाजी आरा.

आरा यांचा जन्म १६ एप्रिल १९१४ रोजी बोलारम येथे झाला. बोलारम हे सिकंदराबादजवळचे लष्करी छावणीचे ठिकाण. त्या वेळी तो मुलूख निजामाच्या राज्यात होता. सोलापूरच्या शेजारचा धाराशिव जिल्हाही तेव्हा निजामाच्याच राज्यात होता, म्हणजे हे राज्य आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेले होते. आरा यांचे वडील मोटारचालक होते. कृष्णाजी अवघा तीन वर्षांचा असताना त्याची आई वारली. वडिलांनी दुसरे लग्न केले. घरात कृष्णाजीचे मन रमेना. एके दिवशी तो घर सोडून निघाला आणि मुंबईला आला. तेव्हा त्याचे वय सात वर्षांचे होते, असे त्याच्याविषयी लिहिलेले आढळते. कोणी दहा वर्षांचे सांगतात. सात काय आणि दहा काय, तुमच्या घरातल्या धाकट्या भावाचे वय आठवा म्हणजे पुरे.

सिकंदराबादहून मुंबईकडे जाणारा रेल्वेचा रस्ता वाडीवरून सोलापूरला येतो आणि पुढे पुण्याकडे जातो. आपल्या स्टेशनातून अशी किती मुले त्या काळी गेली असतील, त्यांची नोंद कोणी ठेवली नाही. त्यांतल्या बहुतेकांचे पुढे काय झाले, हेही कोणाला माहीत नाही. आरा यांचे झाले ते आपल्याला माहीत आहे, एवढाच फरक.

मुंबईत ओळखीचे कोणी नव्हते. पोट भरण्यासाठी कृष्णाजी मोटारी धुऊ लागला, पुसू लागला. मुंबईत मोटारगाड्या तेव्हा थोड्या होत्या आणि त्या श्रीमंतांच्याच दारात असत. मोटार चकाचक ठेवण्यासाठी एखादा पोऱ्या लागे. पाण्याची बादली, फडके आणि चामड्याचा तुकडा ही त्याची हत्यारे. पुढे एका इंग्रज कुटुंबात त्याला घरकामाचे काम मिळाले. झाडलोट करावी, भांडी उचलावी, सांगितलेली वस्तू आणून द्यावी. शाळेत जाण्याचा प्रश्नच नव्हता.

पण या मुलाला एक नाद होता. तो चित्रे काढी. दिवसाचे काम संपले, की नोकरांच्या खोलीत बसून हाताला लागेल त्या कागदावर तो रेघोट्या मारी, रंग भरी. चित्र कसे काढावे हे त्याला कोणी शिकवले नव्हते. घरातल्या लोकांच्या ते लक्षात आले. त्यांनी त्याला रागे भरण्याऐवजी उत्तेजन दिले. ही गोष्ट लहान वाटते. पण नोकराच्या पोराने कागद खराब करणे आणि नोकराच्या पोराने चित्र काढणे यांत फरक करणारे मालक त्या काळी फार नव्हते. आजही फार असतील असे वाटत नाही.

१९३० साल उजाडले. ६ एप्रिल रोजी महात्मा गांधींनी दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलले आणि सरकारचा कायदा मोडला. त्याच दिवशी सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकला. पुढे मे महिन्यात आपल्या शहरात इंग्रज सरकारने लष्करी कायदा पुकारला. मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्यांचे पुतळे तुम्ही जातायेता पाहता.

मुंबईत त्या वर्षी मिठाच्या सत्याग्रहात हजारो लोक उतरले. त्यांत सोळा वर्षांचा कृष्णाजी आराही होता. इंग्रजाच्या घरात राबलेला हा मुलगा इंग्रज सरकारचा कायदा मोडायला गेला. त्याला पकडण्यात आले आणि काही महिने तुरुंगात काढावे लागले. तो पुढारी नव्हता. त्याने भाषणे केली नाहीत. त्याच्या नावाने कोणी घोषणा दिल्या नाहीत. हजारो माणसांतला तो एक होता.

तुरुंगातून सुटल्यावर पुन्हा पोटाचा प्रश्न आला. या वेळी एका जपानी कंपनीत मोटारी धुण्याचे काम मिळाले. राहायला लहानशी खोली मिळाली. आता आरा जाणते झाले होते. सकाळी मोटारी पुसायच्या आणि उरलेला वेळ चित्रांना द्यायचा, असा त्यांचा दिनक्रम झाला. खोली एवढीशी, त्यात अंथरूण, रंगांच्या बाटल्या आणि भिंतीला टेकून ठेवलेली चित्रे.

त्या चित्रांकडे प्रथम जाणकार नजरेने पाहिले ते रुडॉल्फ फॉन लायडन यांनी. लायडन हे मूळचे जर्मन. जर्मनीत हिटलरचे राज्य आल्यावर ते देश सोडून मुंबईला आले होते. टाइम्स ऑफ इंडियामध्ये ते चित्रांवर लिहीत. त्यांच्यासारखेच ऑस्ट्रियातून आलेले वॉल्टर लँगहॅमर हे स्वतः चित्रकार होते आणि त्याच वृत्तपत्रसमूहात कलासंचालक होते. लँगहॅमर यांच्या घरी तरुण चित्रकार जमत. युरोपातल्या मोठ्या चित्रकारांच्या चित्रांच्या प्रती पाहत, चर्चा करीत, आपली चित्रे दाखवीत. त्या घोळक्यात आरा जाऊन बसू लागले. जमलेल्यांत बहुतेक जण कलाशाळेत शिकलेले. आरा यांच्याजवळ कोणत्याच शाळेचा दाखला नव्हता. लायडन यांच्या आग्रहाने त्यांनी काही काळ केतकर यांच्या कलावर्गात धडे घेतले खरे. पण त्यांचा हात तोपर्यंत स्वतःच्या वळणाने चालू लागला होता.

येथे एक गोष्ट सांगाविशी वाटते. लायडन आणि लँगहॅमर हे दोघेही आपल्या मायदेशातून बाहेर पडलेले होते. त्यांना घर सोडावे लागले होते. आरा यांनीही घर सोडलेले. एकाची भाषा दुसऱ्याला पुरती येत नसेल. पण कागदावरचा रंग पाहायला भाषा लागत नाही. चित्र विकत घेणारे श्रीमंत तर मुंबईत पुष्कळ होते. तरी मोटार धुणाऱ्याच्या खोलीत चित्रकार आहे, हे परदेशातून आलेल्या माणसाला आधी दिसले.

१९४२ साली मुंबईत आरा यांच्या चित्रांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. लोकांनी ते पाहिले, चित्रे विकतही घेतली. दोन वर्षांनी, १९४४ साली, त्यांना गव्हर्नरचे पारितोषिक मिळाले. ज्या सरकारने चौदा वर्षांपूर्वी त्यांना तुरुंगात घातले होते, त्याच सरकारच्या गव्हर्नरच्या नावाचे हे पारितोषिक होते.

मग १९४७ साली देश स्वतंत्र झाला. मुंबईच्या रस्त्यांवरून मिरवणुका निघाल्या. आरा यांनी स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचे एक मोठे चित्र काढले. ज्याने स्वातंत्र्यासाठी तुरुंग पाहिला, त्याने ते चित्र किती उमाळ्याने काढले असेल! ते त्यांनी बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनासाठी पाठवले. ही संस्था १८८८ साली स्थापन झालेली, मान्यवर आणि जुनी. तिच्या प्रदर्शनात चित्र लागणे ही मोठी गोष्ट मानली जाई. आरा यांचे चित्र परत आले. निवड करणाऱ्यांना ते पसंत पडले नाही.

अशा वेळी माणूस काय करतो? बहुतेक जण गप्प बसतात. येथे मात्र त्यांचे मित्र गप्प बसले नाहीत. गोव्यातून आलेले फ्रान्सिस न्यूटन सोझा हे अतिशय तडफदार आणि तापट तरुण होते. चळवळीत भाग घेतला म्हणून त्यांना १९४५ साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकले होते. आरा यांचे चित्र नाकारले गेले, हे त्यांना सहन झाले नाही. आपण आपलाच गट स्थापन करावा, असे त्यांनी ठरवले, असे सांगतात. गटात सहा जण होते. सोझा आणि आरा, मध्य प्रदेशातले सय्यद हैदर रझा, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडे, शिल्पकार सदानंद बाक्रे आणि मकबूल फिदा हुसेन. हुसेन यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरचा. मुंबईत सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून ते पोट भरीत.

या गटाला त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप असे नाव दिले. मराठीत याला पुरोगामी चित्रकारांचा गट म्हणता येईल. उर्दू वाचणाऱ्यांना तर हा शब्द समजायला वेळच लागणार नाही, कारण तरक्कीपसंद साहित्यिकांची चळवळ त्याच्या दहा-अकरा वर्षे आधी, १९३६ साली, सुरू झाली होती. त्या साहित्यिकांपैकी एक प्रमुख लेखक मुल्कराज आनंद यांनीच १९४९ साली मुंबईत या चित्रकारांच्या पहिल्या प्रदर्शनाचे उद्घाटन केले. सहा जणांत कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. देशाची फाळणी होऊन माणसे एकमेकांच्या जिवावर उठली होती, त्याच काळात ही मुले एका खोलीत बसून चित्रांवरून भांडत होती. त्यांच्यात वाद होत ते लाल रंग किती घ्यावा यावरून.

आता पुन्हा संग्रहालयात येऊ. तेथील चित्रे नेहमी बदलत असतात. कधी एका चित्रकाराचे प्रदर्शन असते, कधी अनेकांचे. तुम्ही गेलात त्या दिवशी आरा यांचे चित्र लागलेले असले, तर ते ओळखायला फार त्रास पडणार नाही. बहुधा त्यात फुले असतील. साध्या भांड्यात ठेवलेला फुलांचा गुच्छ, टेबलावरची फळे, सुरई, मडकी, पेला. अशा चित्राला स्थिरचित्र म्हणतात. त्यात हलणारे, चालणारे काही नसते. गोष्ट नसते. राजा नसतो, लढाई नसते. घरात रोज दिसणाऱ्या वस्तू एवढाच त्याचा विषय.

पहिल्या नजरेत वाटेल, यात काय विशेष? फुले आपल्याही घरात असतात. म्हणून थोडे थांबावे. चित्राच्या जवळ जावे, पण हात लावू नये. जवळून पाहिले, की फूल नाहीसे होते. दिसतात ते रंगाचे जाड थर. कुंचला कोठे टेकला, कोठे वळला, कोठे उचलला ते कळते. आता पाच-सहा पावले मागे यावे. रंगाचे थर पुन्हा फूल होतात. ही गंमत छापील चित्रात मिळत नाही, म्हणून तर संग्रहालयात जायचे.

आरा यांच्या रंगकामातली एक खुबी येथे समजून घेण्यासारखी आहे. शाळेत तुम्ही जलरंग वापरता. त्यात भरपूर पाणी घालून रंग पातळ करता. कागदाचा पांढरेपणा त्यातून दिसतो आणि चित्र हलके, पारदर्शक होते. जलरंगांची ही रूढ पद्धत. आरा यांनी पाण्यात मिसळणारेच रंग घेतले. पण त्यांत पाणी अगदी कमी घातले. तैलरंग लावावा तसा तो रंग त्यांनी घट्ट, दाट लावला. त्यामुळे कागदावरच्या फुलाला वजन आले. कलाशाळेत शिकलेल्या मुलाच्या हातावर मास्तरांनी छडी मारली असती, असे हे काम. आरा यांना ती भीती नव्हती. तैलरंग आणि कॅनव्हास महाग असतात. कागद आणि जलरंग त्या मानाने स्वस्त. हातात जे परवडते त्यातून जे हवे ते काढून घ्यायचे, हे गरीब घरातल्या बायका स्वयंपाकघरात रोज करतात. आरा यांनी ते कागदावर केले, असे मला वाटते. पुढे त्यांनी तैलरंगांतही पुष्कळ चित्रे काढली.

फ्रान्सचे थोर चित्रकार सेझान यांच्या फळांच्या आणि भांड्यांच्या चित्रांची छाप आरा यांच्यावर पडली होती. टेबल किंचित कललेले असते, भांड्याची कड पुरती गोल नसते. ती चूक नव्हे. डोळ्यांना जसे दिसते तसे हुबेहूब काढायचे काम कॅमेरा करतो. चित्रकाराला त्या वस्तूंचे एकमेकांशी असलेले नाते दाखवायचे असते. सुरई उंच आहे, तिच्या शेजारी फळ बसके आहे, मागचा पडदा गडद आहे, म्हणून पांढरे फूल पुढे येते. हे नाते जमले तर चित्र जमते. मोठ्यांच्या घरी टेबल पुसताना, फुलदाणी उचलून पुन्हा जागेवर ठेवताना या मुलाने अशा वस्तू किती वेळा हाताळल्या असतील! दुसऱ्यांच्या टेबलावरची फुलदाणी त्याने पुढे आपल्या कागदावर हवी तशी मांडली.

१९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीने आरा यांना सुवर्णपदक दिले. ज्या चित्रासाठी ते मिळाले, त्याचा विषय काय होता? दोन सुरया. ज्या संस्थेने स्वातंत्र्याची मिरवणूक परत पाठवली होती, तिने दोन सुरयांना सोन्याचे पदक दिले. पुढे आरा त्याच संस्थेच्या कार्यकारी मंडळावरही होते. राग धरून बसणे त्यांच्या स्वभावात नसावे.

त्याच १९५२ सालच्या जानेवारीत, कला संग्रहालयाच्या इमारतीपासून जवळच, जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. तीही सर कावसजी जहांगीर यांच्याच घराण्याच्या देणगीतून. त्याआधी मुंबईत चित्रांचे प्रदर्शन भरवायला नीटशी जागा मिळणे कठीण होते. या भागाला काळा घोडा म्हणतात. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा घोड्यावर बसलेला काळसर पुतळा तेथे होता, त्यावरून हे नाव पडले. तो पुतळा १९६५ साली तेथून हलवण्यात आला आणि राणीच्या बागेच्या आवारात ठेवण्यात आला. नाव मात्र राहिले. २०१७ साली त्या भागात नवा काळा घोडा उभारण्यात आला. त्याच्या पाठीवर राजा नाही.

गटातले मित्र हळूहळू पांगले. सोझा १९४९ साली लंडनला गेले. रझा १९५० साली पॅरिसला गेले. बाक्रेही लंडनला गेले. जगातली मोठी संग्रहालये, मोठे चित्रकार तिकडे होते आणि प्रत्येक तरुण चित्रकाराची नजर तिकडे लागलेली असे. आरा मुंबईतच राहिले. त्यांची चित्रे परदेशांतल्या प्रदर्शनांत गेली. पण त्यांचे घर, त्यांचे काम, त्यांची माणसे काळ्या घोड्याच्या आसपासच होती.

काळ्या घोड्याजवळ रॅम्पार्ट रो नावाच्या रस्त्यावर आर्टिस्ट्स सेंटर ही संस्था होती. आरा पुष्कळ वर्षे तिचे सचिव होते. चित्रकारांना मदत करणे आणि त्यांच्या चित्रांसाठी थोड्या खर्चात जागा देणे, हे त्या संस्थेचे काम. नव्या चित्रकाराची पहिली अडचण काय असते, हे आरा यांना कोणी सांगायला नको होते. चित्रे तयार असतात. ती दाखवायला भिंत नसते. मोठ्या दालनाचे भाडे परवडत नाही आणि तेथे आधी नाव विचारतात. आरा यांच्याकडे खेड्यापाड्यांतून आलेली, खिशात पैसे नसलेली मुले येत. ते त्यांची चित्रे पाहत, जागा मिळवून देत, अडीअडचणीला मदत करीत. पुढे नावारूपाला आलेल्या अनेकांचे पहिले प्रदर्शन अशाच लहान जागेत झालेले असते. लोक मोठे दालन लक्षात ठेवतात, लहान जागा विसरून जातात.

आरा यांनी लग्न केले नाही. एका मुलीला मात्र आपली लेक मानून त्यांनी वाढवले. लहानपणी आईविना राहिलेल्या माणसाने हे करावे, याचे फारसे नवल वाटत नाही.

आरा यांच्या चित्रांविषयी सर्वांचे मत सारखे नाही. त्यांनी फार चित्रे काढली आणि सगळीच सारख्या योग्यतेची उतरली नाहीत, असे काही जाणकारांना वाटते. ते खोटे नाही. फुलदाणीमागून फुलदाणी पाहिली, की काही चित्रे सवयीने काढल्यासारखी दिसतात. हुसेन, रझा आणि सोझा यांची नावे पुढे जगभर झाली. त्यांच्या चित्रांना कोट्यवधी रुपयांच्या किमती आल्या. आरा यांचे नाव त्या मानाने मागे राहिले. पण त्यांचे चांगले चित्र समोर आले, की किमतीचा विचार मनात येत नाही. पांढऱ्या फुलांचा एक झुबका गडद जमिनीवर असा उसळून आलेला असतो, की पाहणारा दोन मिनिटे जागचा हलत नाही. डॉ. होमी भाभा हे थोर शास्त्रज्ञ चित्रांचे मोठे शौकीन होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी त्यांनी भारतीय चित्रकारांची चित्रे जमवली. त्या संग्रहात आरा यांचीही चित्रे आहेत. अणूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ तेथे जातायेता अशी चित्रे पाहतात.

३० जून १९८५ रोजी मुंबईत आरा यांचे निधन झाले. त्या वेळी ते एकाहत्तर वर्षांचे होते. कावसजी जहांगीर सभागृहात आधुनिक कलेचे संग्रहालय सुरू व्हायला तेव्हा अकरा वर्षे अवकाश होता. ते त्यांनी पाहिले नाही.

सहलीची रात्रीची परतीची गाडी सुटायला वेळ असतो. संग्रहालय पाहून झाले, की मुलांनी रस्ता जपून ओलांडावा आणि जहांगीर आर्ट गॅलरीत डोकवावे. तेथे तिकीट लागत नाही. आत कोणीतरी नवा चित्रकार आपल्या चित्रांजवळ खुर्ची टाकून बसलेला असतो आणि कोणी काही विचारते का, याची वाट पाहत असतो. त्याला खुशाल विचारावे. बाहेर पदपथावरही काही जण चित्रे मांडून बसतात. कडेला मोटारींची रांग असते. तिच्यातल्या एखाद्या मोटारीची काच कोणी मुलगा फडक्याने पुसत असतो.